अण्णारावांच्या गुडघ्यातलं तेल

१० नोव्हेंबर २०२४, रविवार. लातूर

अठ्ठावीस वर्षं मी फळ्यावर डॅशपॉट काढतोय. एक डबा, डब्यात तेल, तेलात दट्ट्या, शेजारी अवमंदनाचं, म्हणजे झोका शांत करण्याचं, अक्षर. पोरं उतरवून घेतात, परीक्षेत काढतात, मी दोन गुण देतो. खराखुरा डॅशपॉट मी कधी हातात धरलेला नाही, हे आज दुपारी अण्णारावांसमोर बसल्यावर लक्षात आलं. तरीही मी त्यांना सांगून मोकळा झालो की तुमच्या गुडघ्यासाठी एक बनवून देतो.

अण्णाराव म्हणजे आमच्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षातल्या आरतीचे वडील. जळकोट तालुक्यात शेती. दोन वर्षांपूर्वी मळणी यंत्रात डावा पाय गेला, मांडीच्या मध्यापासून. नांदेडच्या केंद्रातून कृत्रिम पाय मिळाला, पण त्याचा गुडघा म्हणजे नुसती बिजागरी. पाऊल उचललं की नडगी मोकळी झुलते, पुढं जाऊन खट्कन आपटते, आणि ती शांत होईपर्यंत माणसाला थांबावं लागतं. तिला अडवणारं थोडं तेल मिळालं तर चाल सुधारेल.

त्यांना घाई आहे ती वळूसाठी. सरदार नावाचा देवणी वळू आहे. फेब्रुवारीत देवणीला जनावरांचं प्रदर्शन भरतं, तिथं वळू त्याच्या चालीनं मैदानात फिरवून दाखवावा लागतो. सरदार अण्णारावांशिवाय कुणाच्या हातात चालत नाही. गेल्या वर्षी पुतण्यानं कासरा धरला, तर सरदारनं त्यालाच कठड्यापर्यंत ओढत नेलं आणि पंचांनी दोघांना बाहेर काढलं. प्रदर्शनात न फिरलेल्या वळूकडं गाय घेऊन कोण येणार? गुणाबाईंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, स्पष्ट म्हणणं आहे की यंदाही जमलं नाही तर विकून टाकायचा. उदगीरचा व्यापारी तयार आहे. हे सांगताना अण्णाराव माझ्याकडं न बघता पंख्याकडं बघत होते. मला फार वाईट वाटलं.

संध्याकाळी चंद्रप्रभेला सांगितलं. ती म्हणाली, "करा की." आमच्या घरात मला सहसा विरोध होत नाही. समंजस बायको मिळायला नशीब लागतं.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

नळी तयार झाली. वर्कशॉपमधल्या लेथवर स्वतः उभं राहून करून घेतली. वीतभर लांब, आत दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोकं, बाहेर येणारा चकचकीत दांडा, वरच्या बाजूला तेल भरायचा स्क्रू. तेल मोटारसायकलच्या पुढच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरमध्ये घालतात तेच. गुडघ्याच्या मागं दोन पिनांवर बसते. पिना काढल्या की नळी सुटी, आणि पाय पहिल्यासारखा.

आरतीला हाच विषय प्रोजेक्टला दिला. मोजायचं असं: नांदेडच्या केंद्राकडून मागवलेला तसलाच एक गुडघा बाकावरच्या व्हाइसमध्ये पकडायचा, नडगी खाली लोंबती ठेवायची, ती चाळीस अंशांपर्यंत उचलून सोडायची, आणि शेजारी लावलेल्या कोनमापकावर प्रत्येक झोका कुठवर जातो ते टिपायचं. आज चाळीस, चोवीस, चौदा, नऊ असे आले. प्रत्येक झोका आधीच्या झोक्याच्या सहा दशांश. हे प्रमाण कायम राहिलं की खुशाल समजावं, अडवतंय ते तेलच. तेलाचा स्वभावच असा आहे की जोरानं ढकला, जोरानं अडवतं. हळू ढकला, वाट देतं. कोरड्या घर्षणाला असली रीतभात नाही. ते दर झोक्याला ठरलेला वाटा कापून घेतं, झोका मोठा असो की लहान.

आकडे बघून मला वर्गात नाचावंसं वाटलं. नाचलो नाही. आरतीला म्हटलं, अक्षर नीट काढ.

२५ नोव्हेंबर, सोमवार. नांदेड

सकाळच्या एसटीनं अहमदपूर, लोहा करत नांदेड गाठलं. केंद्रात विरूपाक्ष म्हणून तंत्रज्ञ आहेत, बारीक, कमी बोलणारे. त्यांनी नळी फिरवून फिरवून पाहिली आणि म्हणाले की दांड्यावर रबराचं आवरण पाहिजे, शेतातली धूळ तेल अडवणारं सील खाऊन टाकेल. मी त्यांना सांगितलं की आवरणाचंही घर्षण होतं आणि माझ्या मोजणीत घाण येईल. आकडा स्वच्छ यायला हवा. ते पुढं बोलले नाहीत. पटलं असावं.

तिथं बोलावून घेतलेल्या अण्णारावांच्या पायाला नळी बसवली. अण्णाराव कठड्याला धरून उभे राहिले, मग कठडा सोडला. खट्ट आवाज आला नाही! नडगी अलगद पुढं आली आणि टेकली. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. मी विचारलं, कसं वाटतंय? "लई बेस हाय, सर." थोडं जड वाटतं का? "न्हाई, बेस हाय." मांडी दुखते का? "काई न्हाई."

विरूपाक्ष मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, पेशंट बेस म्हटला की मी अजून एकदा विचारतो, आणि तिसऱ्यांदा दुसऱ्या कुणाला तरी विचारतो." काही माणसांना दुसऱ्याचं यश बघवत नाही. मी हसून विषय बदलला.

९ डिसेंबर, सोमवार

ठरल्याप्रमाणे दर पंधरवड्याला आरती घरून येताना नळी आणते, आम्ही मोजतो आणि गावच्या टेम्पोतून परत पाठवतो. आज पहिली खेप. स्क्रू उघडून पाहिलं तर तेल काठोकाठ! शेतात दोन आठवडे चालून एक थेंब गळलेला नाही. विरूपाक्षांना फोन करून मुद्दाम सांगितलं. ते म्हणाले, "बरं."

झोक्यांचं प्रमाण तेच, सहा दशांशाच्या आसपास.

आरती म्हणत होती, "सर, ते तेलाचं, आई..." मी म्हटलं, आधी आलेख पूर्ण कर, मग आईच्या गप्पा. या पोरींना कामाच्या वेळी घर आठवतं.

२३ डिसेंबर, सोमवार

पुन्हा तेल काठोकाठ. प्रमाण तेच. बाकावर मुंग्या झाल्यात, नळीपर्यंत रांग. शिपायाला झापलं की प्रयोगशाळेत डबा खायचा नाही. तो म्हणाला मी खात नाही. मग मुंग्या काय अभ्यासाला आल्या का, असं विचारलं. आरती खिडकीकडं बघत होती.

३० डिसेंबर, सोमवार. येळवस

येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, लातुरात कुणी घरात जेवत नाही, सगळे शेतात असतात, पण आम्हाला शेत नाही, त्यामुळं दरवर्षी आमंत्रणाची वाट बघावी लागते. यंदा अण्णारावांकडचं आलं. चंद्रप्रभा आणि मी सकाळीच निघालो.

ज्वारी छातीपर्यंत आलेली. कडब्याच्या कोपीत पाच दगडी पांडव चुन्यानं रंगवलेले. भज्जी, उंडे, आंबील, तिळाची पोळी. आंबिलीचे तीन गडवे मी घेतले आणि मग बांधावर आडवा झालो. जमिनीवर बसून जेवताना अण्णारावांनी पाय काढून कोपीशी टेकवून ठेवला होता. माझं लक्ष सारखं त्याच्याकडं जात होतं. पाय लावून त्यांनी मला सरदारपर्यंत नेलं. ढेकळांतून चालताना उजवा खांदा जरा जास्तच वर जात होता आणि कंबर फेकल्यासारखी वाटत होती. सवयीचा भाग असेल. विचारलं तर म्हणाले, "लई बेस चाललंय सर, तुमच्या कृपेनं."

सरदार बघण्यासारखा आहे. पांढरा, तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या, लोंबते कान, गळ्याची पोळी गुडघ्यापर्यंत. अण्णारावांनी वशिंडावर हात ठेवला की तो मान खाली घालून उभा राहतो. मी एक पाऊल पुढं गेलो तर मान वर झाली. मी दोन पावलं मागं आलो.

अण्णारावांच्या धोतरावर गुडघ्याच्या मागं तेलकट डाग होता. मी तसं म्हणताच गुणाबाई घाईनं म्हणाल्या की भज्जीचं सांडलं असेल. निघताना त्यांनी आमचा पेढ्यांचा डबा गूळ-शेंगदाण्यानं भरून परत दिला. लोकाचं भांडं रिकामं माघारी धाडायचं नसतं. आमच्याकडंही तीच रीत आहे. वरून घाण्यावरच्या करडीच्या तेलाची बाटली दिली. चंद्रप्रभा खूश.

येताना गाडीत चंद्रप्रभा म्हणाली, "त्यांना त्रास होतोय चालताना." मी तिला समजावून सांगितलं की त्रास होत असता तर त्यांनी सांगितलं असतं. ती म्हणाली, "हो, तेही खरंच."

६ जानेवारी २०२५, सोमवार

डोकं तापलंय. आरतीनं आणलेला आलेख पार बिघडलेला. चाळीसनंतर एकोणतीस, मग अठरा, मग सात, आणि एकदम थांबलं. प्रमाण कुठं, हा तर सरळ उतार! दर वेळी अकरा अंश कमी. म्हटलं, हे काय मोजलंयस? ती म्हणाली, दोनदा मोजलं. मी म्हटलं, दोनदा चुकलीस मग. सगळ्यांसमोर बोललो, ते जरा जास्त झालं असेल. पण शेवटच्या वर्षाच्या मुलीला कोनमापक वाचता येऊ नये?

दुपारी तिनं नवीन आलेख आणला. अगदी सुबक. प्रत्येक बिंदू रेघेवर. बघितलंस, मन लावलं की येतं, असं मी तिला म्हणालो. नळी तिनं लगेच टेम्पोत दिलीसुद्धा.

सकाळी प्रयोगशाळेत फोडणीचा वास येत होता. शिपायावर लक्ष ठेवलं पाहिजे.

१९ जानेवारी, रविवार

अण्णाराव पडले.

दुपारी आरतीचा फोन आला. सकाळच्या थंडीत सरदारला पाण्यावर नेताना पाऊल उचललं, आणि गुडघा वाकला तो सरळच झाला नाही. वाकलेल्या पायावर भार आला आणि ते गोठ्यासमोरच्या फरशीवर आपटले. खांद्याला मुका मार, कपाळावर टाके. सरदार कासरा ताणून पळाला नाही, तिथंच उभा राहिला, एवढं नशीब.

माझ्या नळीनं माणूस पाडला. फळ्यावरची नळी कुणाला पाडत नाही. उद्या जळकोटला जातो.

२० जानेवारी, सोमवार

ओसरीतच पिना काढल्या. मोजणीचा दुसरा गुडघा आणि कोनमापक मी पिशवीतून नेलं होतं. खिडकीच्या गजाला बांधून मी स्वतः झोके मोजले. चाळीस, अठ्ठावीस, सोळा, चार, बंद. प्रत्येक वेळी बारा अंश. झोका मोठा असो की लहान, तोच वाटा. पोरीनं सहा तारखेला आणलेला पहिला कागद हेच सांगत होता: अडवतंय ते तेल नाही, काहीतरी चिकटलंय.

स्क्रू उघडला. आतून पिवळं, दाट, करडीचं तेल आलं. दांड्यावर आणि सीलभोवती त्याचा मधासारखा थर, नखानं खरवडला तर तार सुटत होती. करडीचं तेल हवा लागली की आटून चिवट होतं, रंगवाले म्हणूनच वापरतात. हे मला माहीत आहे. मी शिकवलेलं आहे.

मी विचारलं, यात हे तेल कुणी घातलं? माझा आवाज चढलेला होता. अण्णारावांनी कपाळाच्या पट्टीवर हात ठेवला. आरतीनं आतल्या दाराकडं बघितलं. शेवटी गुणाबाई आतून आल्या.

"म्या घातलं, सर. पैल्या आठवड्यातच गळाया लागली व्हती. तुमच्याकडं धाडायची म्हनून बगितलं तर निम्मी रिकामी. लोकाची वस्तू रिकामी कशी माघारी धाडावी? म्हनून भरली. घाण्याचं हाय, भेसळ न्हाई त्यात."

दर पंधरवड्याला मी स्क्रू उघडून काठोकाठ तेल बघत होतो आणि माझी पाठ थोपटत होतो. ते तेल दोन महिने या बाईनं जेवणातलं काढून घातलं होतं. पातळपणा जवळपास आमच्या तेलाइतकाच, त्यामुळं आकडेही बदलले नाहीत, चिकटायला लागेपर्यंत.

अण्णारावांना विचारलं, गळतंय हे सांगितलं का नाही? ते म्हणाले, "तुमी इतकं मन लावून केलेलं, सर. त्यात खोट कशी काढावी? जिवावर आलं."

आणि मग आरती म्हणाली, "सर, सहा तारखेचा पहिला आलेख खरा होता. दुसरा मी मोजलाच नाही. तुम्हाला पाहिजे होता तसा काढला." ती रडत होती पण मान खाली नव्हती.

मी ओरडणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण अण्णारावांच्या कपाळावरच्या टाक्यांकडं नजर गेली, आणि तो दुसरा कागद बघून मीच तिला शाबासकी दिली होती हे आठवलं. मी उठून गोठ्याकडं गेलो. सरदारनं माझ्याकडं पाहिलं आणि परत वैरणीत तोंड घातलं. पाणी पिऊन आत आलो आणि आरतीला म्हटलं, पहिला आलेख जपून ठेव.

२१ जानेवारी, मंगळवार

चंद्रप्रभेला विचारलं की मला कुणी काही सांगत का नाही. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तुम्हाला काही सांगायचं म्हणजे आधी ग्लासभर पाणी प्यावं लागतं."

मी म्हटलं, असं काही नाही. ती म्हणाली, "बघा."

येळवशीला गाडीत ती म्हणाली होती की त्यांना त्रास होतोय. हे तिनं आज काढलं नाही. मलाच आठवलं, आणि दिवसभर सुटलं नाही.

२८ जानेवारी, मंगळवार. नांदेड

विरूपाक्षांकडं गेलो आणि रबराचं आवरण मागितलं. बोललो की तुमचं बरोबर होतं. त्यांनी कपाटातून आवरण काढून दिलं, जणू नोव्हेंबरपासून तिथं ठेवलेलंच होतं. दांडा नवा, सील नवं, नळी केरोसीननं धुऊन ताजं तेल. आणि बाहेरून फिरवायचा एक स्क्रू बसवला. आत-बाहेर केला की भोक लहान-मोठं होतं आणि तेलाचा अडसर कमी-जास्त. आता झोके पुन्हा प्रमाणात. माझा जीव भांड्यात पडला.

पण किती अडसर ठेवायचा हे कोनमापक सांगत नाही. ते चालणाऱ्यानंच सांगायला पाहिजे, आणि आमचा चालणारा सांगत नाही. अण्णारावांनाही केंद्रात बोलावलं होतं, त्यांना पुन्हा पुन्हा विचारलं. बेस हाय. स्क्रू मुद्दाम पूर्ण आवळून चालायला लावलं, पाय लाकडासारखा झाला, घाम फुटला त्यांना. बेस हाय. मी हात जोडले की एक तरी खोट काढा. खूप विचार करून म्हणाले, "च्या जरा अगोड हाय इथला." विरूपाक्ष पहिल्यांदाच हसताना दिसले.

बसमध्ये मला राग आला नाही, भीती वाटली. मैदानात वळूच्या बरोबरीनं चालताना पाय मागं राहिला तर हा माणूस बेस हाय म्हणत पडेल. आणि या वेळी चालीत आलेल्या सरदारच्या पायांखाली.

आरतीला फोन करून सांगितलं की तू वडिलांशी बोल, माझ्यानं होत नाही. ती म्हणाली, "सर, तुम्ही आधी त्यांना तुमची चूक सांगा. त्यांना वाटतं तुमच्याकडून चूक होत नसते." पोरगी धीट व्हायला लागलीय.

२ फेब्रुवारी, रविवार

जळकोटला जाऊन आलो. अण्णारावांना समोर बसवून सांगितलं की आवरण नको हा माझा हट्ट होता, नळी त्यामुळं गळली, तुम्ही पडलात ते माझ्यामुळं. गुणाबाई ऐकत होत्या. अण्णाराव फार अवघडले, सारखे "असू द्या, सर" म्हणत राहिले. पुढं सांगितलं की माझं यंत्र आंधळं आहे, त्याला तुमच्या तोंडून कळतं. तुम्ही बेस म्हणालात की ते फसतं.

त्यावरही तेच, असू द्या. स्क्रू मी अंदाजानं मध्यावर ठेवला. गुणाबाईंनी सांगितलं की उदगीरचा व्यापारी प्रदर्शनालाच येणार आहे, तिथूनच न्यायची तयारी करून.

९ फेब्रुवारी, रविवार. देवणी

गाडीतच लिहितोय, अक्षर लागणार नाही कदाचित.

मैदान सकाळपासून भरलेलं. बैल, वळू, कालवडी, शिंगांना रंग, झुली. चंद्रप्रभा, गुणाबाई, आरती आणि मी दोरीला लागून उभे. व्यापारी आमच्या पलीकडं, गाडी घेऊनच आलेला. लाउडस्पीकरवर अण्णारावांचं नाव झालं आणि ते सरदारला घेऊन आत आले.

पहिली फेरी सावकाश होती, ती निभली. दुसऱ्या फेरीला पंचांनी चाल वाढवायला सांगितली. सरदारनं पाय उचलला. मला दिसलं की नडगी उशिरा येतेय. पाऊल टेकायची वेळ होते आणि ती अजून वाटेत असते. अण्णाराव कंबर फेकून फेकून सांभाळत होते, येळवशीला चालत होते तसेच. तोंडावर काही नाही. गुणाबाईंनी माझं मनगट धरलं होतं. परक्या पुरुषाचं मनगट आपण धरलंय हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं.

आणि मग ते थांबले. सरदारच्या वशिंडावर हात ठेवून त्याला थांबवलं, भर मैदानात, पंचांच्या समोर, आणि आमच्याकडं वळून एवढ्या मोठ्यानं ओरडले की लाउडस्पीकरवाला गप्प झाला.

"सर! ह्यो पाय बरुबर न्हाई! लई निब्बर झालाय! हिकडं या!"

सगळं देवणी माझ्याकडं बघत होतं. मी दोरीखालून आत गेलो. वळूची भीती वाटत होती, तरी गेलो. त्यांच्या मागं गुडघे टेकून बसलो, सरदारचा मागचा खूर माझ्या हातापासून वीतभरावर. स्क्रू पाव फेरा सोडला. चालून बघा म्हटलं.

"अजून निब्बर हाय."

अजून पाव.

"हां. अजून जरासं." मी फिरवला. दोन पावलं चालून आले. "आता लई ढिल्लं केलं राव तुमी, माघारी घ्या थोडं." माघारी घेतलं. "बास. आता हात काढा."

पंच शांतपणे उभे होते. एकानं तर वाकून बघितलं. मी तिथंच बसून राहिलो आणि ते निघाले. सरदारनं मान वर केली, चाल धरली, आणि अण्णाराव त्याच्या बरोबरीनं, कासरा सैल, कंबर सरळ, मैदानाला पूर्ण वळसा घालून आले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लपवलं नाही, धूळही होतीच.

तिसरा क्रमांक मिळाला. पहिले दोन्ही वळू खरंच सरस होते, तसं अण्णारावच म्हणाले. पण दुपारपर्यंत दोघातिघांनी येऊन विचारलं की गाय कधी आणू. गुणाबाई स्वतः व्यापाऱ्याकडं गेल्या आणि त्याला गाडी रिकामी न्यायला सांगून आल्या.

जेवताना अण्णाराव थांबायला तयार नव्हते. पट्टा काचतो, टाच उंच आहे, पिना गंजतील, पावसाळ्यात चिखलात कसं व्हायचं ते सांगा. मी ऐकत होतो. दोन आठवडे ज्या एका वाक्यासाठी हात जोडत होतो ती आता थांबेनात, आणि मला इतकं सुख कुठल्या शाबासकीनं झालेलं नाही.

भाकरी मोडत आरती म्हणाली, "सर, अजून एक आहे. तुम्ही कोनमापक वरून वाकून वाचता. त्यामुळं तुमचा प्रत्येक आकडा दोन अंश जास्त येतो."

मी ताटावरून मान वर केली. चंद्रप्रभेचा हात पाण्याच्या ग्लासाकडं गेला.

मी म्हटलं, "पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या दिवसापासून," आरती म्हणाली.

"मग उद्या सगळं परत मोजू," मी म्हटलं. "तू वाच. मी लिहून घेतो."